स्टिंकबगचा बंदोबस्त ऑगस्टमध्येच करा

न्यू जर्सीतल्या या घरातली आमची ती तिसरी दिवाळी. मी कढईत पातळ पोहे भाजत होते, आई शेजारी बसून खोबऱ्याचे काप करत होती. तेवढ्यात वरच्या चिमणीतून टप्पकन काहीतरी कढईत पडलं. झाऱ्याने उचलायला गेले, तर ते चेंगरलं आणि स्वयंपाकघरभर वास सुटला. आई म्हणाली, "कोथिंबीर सडलीय का गं कुठे?" मग कढईत डोकावली. "अगं, हा तर ढेकण्या!" किलोभर पोहे कचऱ्यात गेले.

आईचं दोन्ही बरोबर होतं. हा कीटक ढेकणांच्याच मोठ्या कुळातला, आणि त्याच्या वासात जी ॲल्डिहाइड्स नावाची रसायनं असतात त्यांतली काही कोथिंबिरीतही असतात. फरक इतकाच, की गावी पावसाळ्यात दिव्यावर येणारे हिरवे ढेकणे रात्रीपुरते येतात. हे इथले तपकिरी महाशय, म्हणजे स्टिंकबग, सप्टेंबरच्या अखेरीस येतात आणि सहा-सात महिने मुक्काम ठोकतात. मूळचे चीन, जपान, कोरियाकडचे. अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते 1998 मध्ये, आमच्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला. 2010 मध्ये या भागातल्या सफरचंदाच्या बागांची त्यांनी पार वाट लावली.

आधी ओळख पक्की करा, कारण दिसेल तो किडा मारणं बरोबर नाही. काचेच्या बरणीत पकडा आणि उजेडात धरा. अंगठ्याच्या नखाएवढा, ढालीच्या आकाराचा, पाठीवर तपकिरी रंगाचे शिंतोडे. आता मिशा बघा. शेवटच्या दोन पेरांवर पांढरे पट्टे दिसले, तर हाच तो. पंखांबाहेर डोकावणारी पोटाची कडही काळी-पांढरी, एकाआड एक. खांदे गोल, गुळगुळीत. खांद्यावर टोकदार काटे असतील आणि मिशांवर पट्टे नसतील, तर तो बहुधा अळ्या खाणारा मित्रकीटक असतो; त्याला बागेत सोडून द्या. लांबट अंगाचा आणि मागच्या पायांवर पानासारखे चपटे भाग असलेला किडा दिसला, तर तो पाइनच्या बिया खाणारा. तोही थंडीत घरात शिरतो, पण त्याची जात वेगळी.

घाबरायचं कारण नाही. स्टिंकबग चावत नाही, लाकूड पोखरत नाही, घरात अंडी घालत नाही. अंडी उन्हाळ्यात बाहेर, पानांच्या खालच्या बाजूला, साधारण 28 च्या पुंजक्यात. घरात तो फक्त झोपायला येतो. म्हणून खरं काम घराबाहेरचं आहे, आणि ते ऑगस्टमध्ये उरकायचं. ऑक्टोबरात भिंतीवर रांग लागली की उशीर झालेला असतो. मी पहिली दोन वर्षं हेच चुकले. थंडीभर घरात फवारे मारत बसले. ते किडे भिंतीच्या पोकळीत मेले, आणि मेलेल्यांवर जगणारे गालिच्यातले छोटे भुंगेरे मागोमाग आले. तेव्हा घरात फवारा नकोच.

फटी शोधायला मी उदबत्ती वापरते. वारं सुटलेल्या दिवशी पंखे, एसी बंद करायचे आणि पेटलेली उदबत्ती खिडकीच्या चौकटीभोवती सावकाश फिरवायची. पडदे आधी बाजूला करा. धूर सरळ वर जाताजाता जिथे अचानक आत वळेल, तिथे खडूने खूण करायची. असाच फेरा दारांना, सिंकखालच्या नळांना, एसीच्या पाइपांना घालायचा. ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, मात्र उदबत्ती नको. तिथे भर दुपारी दिवा मालवून उभं राहायचं. जिथून उन्हाची रेघ आत येते, तिथून किडाही येतो. हे प्राणी दिसतात त्यापेक्षा फार चपटे. दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती आधी बघा, कारण दुपारच्या उन्हाने तापलेल्या भिंतीवरच ते जमतात.

खिडकीची चौकट आणि सायडिंग (भिंतीवरचं बाहेरचं आवरण) यांच्यामधल्या फटीत बाहेरून सिलिकॉनचं कॉकिंग, म्हणजे फटी बुजवायचा लुकण, भरा, तेही कोरड्या दिवशी. नळीचं टोक तिरकं आणि बारीक कापा. आमच्या घरच्या पहिल्या प्रयत्नात टोक जास्त कापलं गेलं आणि चौकटीवर श्रीखंड फासल्यासारखं झालं. दाराखालून उजेड दिसत असेल तर रबरी पट्टी लावा. खिडकीतला एसी सीझन संपताच काढून टाका. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पंखपट्ट्या म्हणजे किड्यांना उघडं दार. ॲटिकच्या झरोक्यांना आतून बारीक जाळी, फाटलेल्या जाळ्यांना ठिगळ.

दोन जागा मात्र बुजवायच्या नाहीत. विटांच्या भिंतीत किंवा खिडकीच्या चौकटीत खाली बारीक भोकं असतात, ती पाणी वाहून जाण्यासाठी असतात. ती बंद केलीत तर भिंतीत ओल धरेल. आणि कपडे वाळवायच्या ड्रायरच्या व्हेंटला, म्हणजे हवा बाहेर पडते त्या तोंडाला, जाळी लावू नका. तिच्यात धाग्यांचा कचरा अडकून आग लागू शकते. तिथली झडप नीट मिटते का, एवढंच बघा. आमच्या चिमणीच्या व्हेंटची झडप तेलाच्या थराने अर्धी उघडीच चिकटली होती. पोह्यांचं रहस्य ते! गरम पाण्याने घासली, प्रश्न मिटला.

एवढं करूनही काही आत येतातच. त्यांना चिरडू नका. बरणीत दोन बोटं पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. किडा पडद्यावर बसलेला असेल तर बरणी त्याच्या बरोब्बर खाली धरा आणि वरून कागदाने हलकेच टोचा. धोका जाणवला की हा बहुधा उडत नाही, टपकन खाली पडतो. म्हणजे तुमच्या बरणीत! नुसत्या पाण्यावर तो तरंगत राहतो, साबणामुळे बुडतो. माझी बरणी हॉलमधल्या खिडकीतच असते. पाहुणे आले की तेवढी उचलून ठेवते.

फार झाले असतील तर व्हॅक्यूम चालतो, पण वास मशीनमध्ये महिनोन्‌महिने राहतो. जुना लांब पायमोजा नळीत घालायचा आणि त्याची कड बाहेर दुमडून रबरबँडने आवळायची. किडे मोज्यातच अडकतात. मग बंद करायच्या आधी मोजा काढून साबणाच्या पाण्यात उपडा करायचा. बाजारातले महागडे सापळे घेण्याआधी हा प्रयोग करून बघा: ॲल्युमिनियमच्या पसरट ट्रेमध्ये साबणाचं पाणी, आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर एक दिवा. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये घरोघरी चाचणी घेतली, तेव्हा हा ट्रे विकतच्या सापळ्यांना भारी पडला होता. दिवा पाण्यात पडणार नाही असा बसवा.

एप्रिलमध्ये खिडक्यांच्या काचांवर पुन्हा हे दिसू लागतील. ते नवे नव्हेत. थंडीभर भिंतीत झोपलेले आता बाहेर पडायची वाट शोधत असतात. कुठे दिसले ते लिहून ठेवा, कारण ऑगस्टमध्ये काम तिथूनच सुरू करायचं असतं. माझा कागद मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. यंदाची नोंद: बाथरूमचा पंखा 4, जिन्यावरचा छतातला दिवा 9, चिमणी 0.