वाक्प्रचारांची चित्रं छान, पण निबंध तसाच? या चुका टाळा

वर्गात चित्रांची कार्डं दाखवून वाक्प्रचार शिकवताना चित्रामुळे वाक्प्रचार लक्षात राहतो, पण तो वाक्यात बसवायला चित्र शिकवत नाही. बहुतेक घोळ इथेच होतो.

फक्त शब्दशः चित्र दाखवणं

'पोटात कावळे ओरडणे' म्हणून पोटात कावळे काढले की वर्ग हसतो आणि अर्थ बाजूला राहतो. कार्डाचे दोन भाग करा. डावीकडे गमतीचं चित्र आणि उजवीकडे खरा प्रसंग: दुपार टळून गेलेली, डबा घरी विसरलेला, मुलगा घड्याळाकडे बघतोय. आधी उजवा भाग झाकून अंदाज करू द्या, मग उघडा. अर्थ चित्राखाली छापू नका. तो छापला की मुलं थेट तोच वाचतात, चित्राकडे कोणी बघत नाही. अर्थ मागच्या बाजूला लिहा.

वाक्प्रचाराची चौकट न देणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि चित्राचा इथे काहीच उपयोग नसतो. 'नाकी नऊ येणे'च्या चित्रात नाकाजवळ ९ चा आकडा काढला, की वहीत 'माझ्या नाकात नऊ आला' असं वाक्य येतं. म्हणून कार्डाच्या मागे नुसतं 'नाकी नऊ येणे' न लिहिता '(कोणाच्या) नाकी नऊ आले' असं लिहा. तसंच '(कोणी) (कशाकडे) कानाडोळा केला', '(कोणी) कंबर कसली'. 'मुलांनी कंबर कसले' असं लिहिणाऱ्याला अर्थ माहीत असतो. क्रियापद इथे 'कंबर' या शब्दाप्रमाणे चालतं, हे कोणी सांगितलेलं नसतं.

एकाच अवयवाचे वाक्प्रचार एकाच दिवशी घेऊ नका. 'डोळा लागणे' म्हणजे झोप लागणे, 'वाटेकडे डोळे लागणे' म्हणजे आतुरतेने वाट पाहणे. चित्रात दोन्हीकडे डोळेच! 'तोंडाला पाणी सुटणे' आणि 'तोंडचे पाणी पळणे' यांचंही तेच. आधी एक पक्का होऊ द्या, दुसरा आठवड्याने घ्या. आठवड्याला चार-पाच वाक्प्रचार पुरे.

'वाक्यात उपयोग करा' एवढ्यावर थांबणं

'राजूचे डोळे उघडले.' हे वाक्य बरोबर की चूक? राजू झोपेतून उठला असेल तरी चालेल. वाक्याला कारण जोडायला लावा: 'मित्रांनी ऐनवेळी पाठ फिरवली तेव्हा राजूचे डोळे उघडले.' तपासायची सोपी युक्ती म्हणजे वाक्प्रचार झाकून उरलेलं वाक्य वाचायचं. अर्थाचा अंदाज येत नसेल तर प्रसंग अपुरा आहे.

निबंधावर वाक्प्रचार शिंपडणं

'मला खूप राग आला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.' इथे एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. वाक्प्रचार साध्या वाक्याच्या जागी येतो, त्याच्या शेपटीला नाही. सरावासाठी आठ-दहा ओळींचा साधा उतारा द्या. त्यातलं एकच वाक्य निवडून बदलायला सांगा आणि तेच का निवडलं हे विचारा. पंधरा ओळींच्या निबंधात दोन वाक्प्रचार भरपूर झाले. 'किमान पाच वापरा' अशी अट घातलीत, तर कृत्रिम निबंधाचा दोष मुलांना देऊ नका.

सूरही सांभाळायला हवा. पाणीटंचाईच्या तक्रार अर्जात 'आमच्या तोंडचे पाणी पळाले' असं लिहिलं की नको तिथे विनोद होतो. सांत्वनपर पत्रात 'आजोबांनी राम म्हटला' हेही खटकतं. कार्डाच्या कोपऱ्यात 'गोष्टीत चालेल, अर्जात नको' अशी छोटी खूण करून ठेवा.

चित्रातच तास संपणं

मुलांनी स्वतः चित्र काढणं चांगलंच, पण रंगपेटी उघडली की लेखन संपलं. पेन्सिल, काडीमाणसं आणि पाच मिनिटं एवढंच द्या. उरलेला वेळ चित्रातल्या माणसाला 'आधी काय घडलं?' आणि 'मग काय झालं?' हे विचारण्यात घालवा. दोन्ही उत्तरं लिहिली आणि मध्ये वाक्प्रचाराचं वाक्य ठेवलं की तीन ओळींचा परिच्छेद तयार होतो.