आधी खडा, मग आभार: घरच्या बैठकीची रीत

आमच्या फैजपुरात युनिटेरियन चर्च नाही. युनिटेरियन म्हणजे ख्रिस्ती धर्मातून निघालेला एक उदारमतवादी पंथ. ते नाव मला पहिल्यांदा भेटलं विठ्ठल रामजी शिंद्यांबद्दल वाचताना. युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ते १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले आणि १९०३ मध्ये परतून प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. देवाबद्दल एकमत नसलेली माणसं दर आठवड्याला एकत्र बसतात, ही युनिटेरियनांची रीत मला आवडली. निवृत्त झाल्यावर आमच्या ओट्यावर तशी बैठक सुरू केली. तुम्हालाही करायची असेल तर ऐका.

सात-आठ माणसं पुरतात. आमच्याकडे दोघे माळकरी आहेत, एक देव न मानणारे मेडिकलवाले आहेत. रविवारी ऊन उतरल्यावर बसायचं. मे महिन्यात गच्चीवर, तेही आठनंतर.

युनिटेरियन मंडळी सुरुवातीला एका पसरट पेल्यात ज्योत लावतात. १९४१ साली हान्स डॉइच या निर्वासित चित्रकाराने त्यांच्या मदतसंस्थेसाठी ते चिन्ह काढलं होतं. आपल्याला पणती चालते. समई नको. समई लावली की माणसं हात जोडून गप्प बसतात, आणि मग कुणी बोलतच नाही.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच बैठकीत मी मास्तरीणबाईंच्या थाटात म्हटलं, प्रत्येकाने आभाराच्या तीन गोष्टी सांगा. त्याच आठवड्यात वादळाने एका भाऊंची काढणीला आलेली केळी आडवी झाली होती. ते म्हणाले, "ताई, कशाचे आभार मानू?" आणि चपला घालून निघून गेले. मी रात्रभर जागी.

तेव्हापासून दुःख आधी. युनिटेरियनांच्या सभेतही सुख-दुःख बोलून दाखवायची वेळ असते. कुठे मेणबत्ती लावतात, कुठे पाण्यात खडा सोडतात. मी परातीत पाणी घेते, शेजारी तापीतले गोटे ठेवते. ज्याला वाटेल त्याने गोटा सोडायचा. बोलायचं तर बोलायचं, नाहीतर नुसता सोडायचा. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. आमच्याकडे हे फार जड जातं. गुडघा दुखतो म्हटलं की चार तेलं आणि दोन डॉक्टर पुढे येतात! त्यावर उपाय एकच: प्रत्येक गोट्यानंतर पाणी स्थिर होईपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं.

मग आभार. "देवाच्या कृपेने सगळं छान" चालणार नाही. माणूस, काम आणि दिवस सांगायचा. तेच भाऊ दोन महिन्यांनी आले आणि म्हणाले, मोटार जळाली तेव्हा बांधाशेजारच्याने दोन रात्री त्याच्या विहिरीचं पाणी दिलं. त्याच्याशी आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. पुढच्या रविवारच्या आत ज्याचे आभार, त्याच्या दारात जाऊन ते सांगायचे, हा आमचा नियम. भाऊ गेले. चहा फिका होता म्हणे.

वर्षातून एकदा फुलांची बैठक करा. प्रागमध्ये नॉर्बर्ट चापेक यांनी १९२३ साली ती सुरू केली. त्यांच्या मंडळीत वेगवेगळ्या धर्मांतून आलेले लोक होते, अनेकांना भाकरी-द्राक्षारसाचा जुना ख्रिस्ती विधी नको होता. म्हणून प्रत्येकाने एक फूल आणायचं, सगळी एकत्र ठेवायची, जाताना दुसऱ्याचं घेऊन जायचं. १९४२ मध्ये नाझींनी चापेकना मारलं. रीत अजून चालू आहे.

विकतची फुलं आणू देऊ नका. आम्ही पोळ्याच्या सुमारास करतो, तेव्हा कपाशी फुलावर असते. पहिल्या दिवशी ते फूल फिकट, दुसऱ्या दिवशी गुलाबी. एकाने तर केळफूलच आणलं, तेही खांद्यावर टाकून. कुणी उचलेना, शेवटी मेडिकलवाल्यांच्या वाट्याला आलं. तुमच्या वाट्याला आलं तर सोलण्याआधी हाताला तेल लावा आणि चिरलेलं लगेच ताकाच्या पाण्यात टाका, नाहीतर भाजी काळी पडते.