सभेत आपलं म्हणणं पटवून कसं द्यावं?

नाशिककरांना व्याख्यानं नवी नाहीत. मे महिना आला की गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते आणि उकाड्यातही लोक घाटावर बसून मन लावून ऐकतात. पण सोसायटीच्या वार्षिक सभेत स्वतः बोलायची वेळ आली की गाडी अडते. विषय माहीत असतो, तळमळही असते, ठराव मात्र बारगळतो. अशा वेळी मला सर्वांत उपयोगी पडली ती आपल्या न्यायशास्त्रातली, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातली, चौकट: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर धूर दिसतो म्हणजे तिथे आग आहे, हे सिद्ध करायच्या याच पाच पायऱ्या.

आधी प्रतिज्ञा, म्हणजे जे पटवून द्यायचं ते विधान, एका वाक्यात लिहून काढा. ‘पाणी वाचवलं पाहिजे’ याला कोण नाही म्हणेल? ‘येत्या पावसाळ्याआधी गच्चीचं पाणी बोअरवेलच्या पुनर्भरणाला सोडायचं’ ही खरी प्रतिज्ञा, कारण तिच्यावर हात वर करता येतो.

मग हेतू. कारण एकच द्या, सगळ्यात भक्कम असलेलं. पाच दिली तर विरोधक नेमकं कच्चं उचलतो आणि सभा तिथेच अडकते.

उदाहरण सगळेच देतात. चुकतं ते पुढच्या पायरीवर, उपनयात. उपनय म्हणजे उदाहरण ऐकणाऱ्याच्या दारात आणून उभं करणं. एका सभेत मी हिवरे बाजारच्या पाणलोटाच्या कामाबद्दल भरभरून बोललो. टाळ्या पडल्या आणि विषय पुढच्या वर्षावर गेला. लोकांना गाव आवडलं होतं, पण त्या गावाचा आमच्या इमारतीशी काय संबंध, हे मी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी हिशेब फळ्यावर मांडला. २०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस पडला की २०० लिटर पाणी. हंगामात ६०० मिलिमीटर धरला तर १,२०,००० लिटर. त्यातलं २० टक्के वाया गेलं तरी ९६,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे नऊ टँकर भरून वर थोडं उरतंच. शेजारी उन्हाळ्यातली टँकरची बिलं लावली. मग प्रश्न आले ते पाइप कुठून न्यायचा याचे.

विरोधी मत, म्हणजे पूर्वपक्ष, आपणच आधी मांडावा, आणि तोही प्रामाणिकपणे. ‘भाडेकरूंनी हा खर्च का सोसावा, असं काहींना वाटतं, आणि ते रास्त आहे,’ असं म्हटलं की समोरचा निम्मा शांत होतो. उत्तर मात्र तयार हवं.

अ‍ॅरिस्टॉटलने पटवण्याची तीन साधनं सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि युक्तिवाद. माझ्या मते पहिलं सर्वांत जड. याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. आंबेडकरांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मणं हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. जन्म आणि मरण समोरासमोर ठेवणारी ही रचना कानात बसतेच. पण तिला वजन होतं ते २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचं. इतकी वर्षं झगडल्यावर माणूस हे बोलत होता, हे समोरच्यांना ठाऊक होतं. म्हणून सभेआधी थोडं तरी काम करून जा: प्लंबरला गच्ची दाखवा, लेखी दर घ्या.

आवाजाबद्दल फार सांगायला नको. मोकळ्या जागेत किंवा घुमणाऱ्या हॉलमध्ये सावकाश बोला आणि आकडा सांगितल्यावर क्षणभर थांबा.

निगमनात प्रतिज्ञाच पुन्हा सांगा, या वेळी तारीख आणि जबाबदारी घेणाऱ्याचं नाव जोडून. आदल्या संध्याकाळी घरातल्या सर्वांत हट्टी माणसासमोर सगळं एकदा बोलून पाहा. तो जिथे ‘बरं, पण...’ म्हणेल, तिथला उपनय पुन्हा लिहा.