अमोनिया टेट्राहेड्रल की पिरॅमिडल?

दोन्ही बरोबर, पण प्रश्न वेगळे. टेट्राहेड्रल म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा, चार टोकांचा आकार. मधल्या अणूभोवतीच्या सगळ्या इलेक्ट्रॉन जोड्या कशा बसल्या आहेत, ती इलेक्ट्रॉन भूमिती. रेणूचा आकार सांगताना मात्र फक्त अणू बघायचे. लोन पेअर, म्हणजे बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉन जोडी, जागा अडवते, पण आकारात मोजायची नाही. अकरावीत मार्क जातात ते इथेच.

आधी आकडेमोड. मधल्या अणूचे बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन घ्या, भोवतीच्या हायड्रोजन-हॅलोजनचे (फ्लोरिन, क्लोरीन वगैरे) प्रत्येकी 1 मिळवा, ऑक्सिजनचा शून्य धरा. ऋण भार मिळवा, धन भार वजा करा, 2 ने भागा. अमोनिया: (5 + 3) ÷ 2 = 4 जोड्या; अणू 3, म्हणून लोन पेअर 1. डबल बाँड दोनदा मोजला की गणित फसतं: कार्बन डायऑक्साइडला 4 ÷ 2 = 2 च, म्हणून तो सरळ रेषेत. संक्रमण धातूंना हे सूत्र लावू नका.

आता हाताने करून बघा. खानदेशात सामान शेतातच आहे: काळी माती, तुरीच्या बारीक काड्या, बोंडातला कापूस. माती पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा, नाहीतर काड्या फाकतात. गोळा म्हणजे मधला अणू, काडी म्हणजे बंध, तिचं टोक म्हणजे भोवतीचा अणू. गोळ्याच्या मध्यापासून टोकापर्यंत 10 सेंमी राहील अशा चार काड्या खोचा. तीन टोकं जमिनीवर, चौथी काडी सरळ वर. कोणत्याही दोन टोकांत 16.3 सेंमी आलं की कोन 109.5 अंश, म्हणजे मिथेन. गोळ्याचा मध्य जमिनीपासून 3.3 सेंमीवर हवा. जास्त वर असेल तर पाय आत आलेत. मापं माती ओली असतानाच घ्या, सुकली की काड्या ढिल्या होतात.

वरची काडी काढून तिथे कापसाचा पुंजका बसवा. ही लोन पेअर. भूमिती टेट्राहेड्रलच राहिली, उरलेल्या अणूंचा मात्र पिरॅमिड झाला. लोन पेअरला एकच केंद्रक ओढतं, त्यामुळे ती पसरते आणि बंधांना दाबते: कोन 107 अंश, टोकांत 16.1 सेंमी. आणखी एका काडीच्या जागी कापूस लावला की पाणी: 104.5 अंश, 15.8 सेंमी, आकार बेंट, म्हणजे वाकडा.

खरा कस पाच जोड्यांत लागतो: तीन मधल्या त्रिकोणात, एक वर, एक खाली. हीच ट्रायगोनल बायपिरॅमिडल भूमिती. सल्फर टेट्राफ्लोराइडची लोन पेअर मधल्या त्रिकोणातच बसते, कारण तिथे 90 अंशांवर दोनच शेजारी असतात. वर किंवा खाली बसवली तर तीन. आकार सी-सॉ, म्हणजे बागेतल्या झोक्याच्या फळीसारखा. झेनॉन डायफ्लोराइडमध्ये तिन्ही लोन पेअर त्रिकोणात जातात, दोन फ्लोरिन वर-खाली राहतात. भूमिती ट्रायगोनल बायपिरॅमिडल, आकार लिनिअर, म्हणजे सरळ रेषेत.