दारू सोडवताना घरच्यांनी पहिले दिवस कसे सांभाळावेत

वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी अचानक बंद करू नये, हे सर्वांत आधी कळकळीने सांगावेसे वाटते. मद्य मेंदूला शांत करते, मेंदू भरपाई म्हणून स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो आणि दारू थांबताच ती उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्याच दिवशी हात थरथरतात. दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भास, ताप व तीव्र गोंधळ उद्भवल्यास जीवही जाऊ शकतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

म्हणून आधीच ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा वाशी-नेरूळकडील मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे आणि रोजचे प्रमाण, शेवटचा पेला कधी घेतला, पूर्वी फिट आली होती का, हे न लपवता सांगावे. ब-१ जीवनसत्त्वाबद्दल अवश्य विचारावे, कारण त्याच्या अभावाने तोल जातो, नजर बिघडते आणि स्मृती कायमची जाऊ शकते.

कपाळामागील मेंदूचा भाग आवेगांना आवर घालतो. दीर्घकाळच्या मद्यपानाने तोच दुबळा होतो, त्यामुळे भांडण, संशय, दिलेला शब्द मोडणे हे सारे केवळ स्वभावदोष समजू नये. मारहाण मात्र मुळीच सहन करू नये. बोलणे सकाळी, माणूस शुद्धीवर असताना करावे. जेवणात गुपचूप औषध मिसळणे, जे अनेक घरांत मायेपोटी होते, कटाक्षाने टाळावे: काही औषधांवर दारू प्यायल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो. सल्ल्यासाठी १४४१६ या क्रमांकावरील टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा मोफत आहे.