सायकलची सीट निवडताना या चुका टाळा

सीट घेताना बहुतेक जण आधी ती अंगठ्याने दाबून बघतात. अंगठा आत गेला, की सीट आरामदायी! पण अंगठ्याला जे मऊ लागतं, ते तासाभराच्या राइडमध्ये छळायला लागतं. सीट मऊ किती यापेक्षा तुम्ही सायकलवर किती वाकून बसता, हे आधी बघायला हवं.

आपण बसतो तेव्हा ओटीपोटाच्या सांगाड्याची खालची दोन टोकं वजन पेलतात. ही बैठकीची हाडं. सीटचा खरा आधार त्यांना मिळायला हवा. फोम किंवा जेल फार मऊ असेल, तर हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन दोन मांड्यांमधल्या नाजूक जागेवर दाबतो. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात, म्हणून मुंग्या येतात, बधिरपणा येतो. वरून जेलचं कव्हर चढवलं तरी दुखणं तेच, शिवाय ते कव्हर बसल्याजागी सरकतं आणि कातडी घासते.

रुंदी अंदाजाने घेणं

अंगाने जाड माणसाला रुंद सीट आणि बारीक माणसाला अरुंद, हा हिशोबच चुकीचा आहे. हाडांमधलं अंतर वजनावर ठरत नाही. ते घरी मोजता येतं. कडक स्टुलावर पन्हळी पुठ्ठा ठेवा, पाय थोडे उंचावर टेकवा म्हणजे गुडघे वर येतील, आणि सायकलवर वाकता तेवढं पुढे वाकून अर्धा मिनिट बसा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर खडू आडवा घासा. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. मोठ्या माणसांत हे अंतर बहुधा 100 ते 150 मिलिमीटरच्या दरम्यान भरतं.

आता त्यात बसण्याच्या पद्धतीनुसार काही मिलिमीटर मिळवा, येईल ती सीटची रुंदी. रोड बाइकवर (खाली वळलेल्या हँडलची, वेगासाठीची सायकल) बरंच वाकत असाल तर साधारण 10 मिलिमीटर, सरळ हँडलच्या हायब्रिड सायकलसारखं मध्यम वाकत असाल तर 20 ते 30, आणि पाठ ताठ ठेवून चालवत असाल तर 40 च्या आसपास. वाकलं की ओटीपोट पुढे कलतं आणि भार हाडांच्या पुढच्या, जवळजवळ येणाऱ्या भागावर सरकतो, म्हणून अरुंद सीट पुरते. मित्राच्या रोड बाइकवरची सीट तुमच्या सरळ हँडलच्या सायकलवर टोचते ती याचमुळे. उलट, स्प्रिंगची रुंद सीट रोड बाइकवर लावली तर पेडल मारताना मांड्या घासून सोलवटतात.

दोष सीटचा की बसवण्याचा?

नवी सीट घ्यायच्या आधी हे नक्की तपासा, कारण अनेकदा जुनी सीट ठीकच असते. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट उंच आहे, आणि त्यानेच कातडी घासते. पुढच्या बाजूला बधिरपणा येत असेल तर सीटचं पुढचं टोक वर उचललेलं असेल, किंवा हँडल लांब पडत असेल. सारखं पुढे घसरायला होत असेल आणि तळहात दुखत असतील, तर टोक जास्तच खाली आहे. सुरुवात समपातळीपासून करा, मग फार तर एखाद-दोन अंशांचा फरक करून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलण्याआधी सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर नेमका कशाने फरक पडला ते कळणारच नाही. सीटपोस्टवरची किमान खोलीची रेघ मात्र फ्रेमच्या बाहेर येऊ देऊ नका.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालू नका. त्याची शिवणच काचते.

नव्या सीटवर पहिले काही दिवस हाडांच्या जागी थोडं दुखतं, ते सवयीने जातं. चामड्याची सीट असेल तर तिला अंगाच्या आकारात यायला आणखी वेळ द्या. बधिरपणाचं मात्र तसं नाही. त्याची सवय करून घ्यायची नसते. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून दाब मोकळा करा, आणि सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा जात नसेल, तर सायकल चालवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.