अंथरुणाला खिळलेल्याची सेवा करताना स्वतः खचू नये म्हणून

घरात पक्षाघाताचा रुग्ण असला की सांभाळणाऱ्याची आधी मोडते ती झोप. म्हणून सुरुवात रात्रीपासून करा. एकाने 10 ते 3, दुसऱ्याने 3 ते 8. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. शेजारीच पडलात तर प्रत्येक खोकल्याला जाग येते आणि पाळ्या लावूनही थकवा तसाच राहतो. लघवीची गोळी संध्याकाळी असेल तर सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. परस्पर बदलू नका.

मग पाठ. दर 2 तासांनी कूस बदलताना काखेत हात घालून ओढू नका. त्यात लुळा खांदा दुखावतो नि तुमची कंबर धरते. जुनी सुती चादर चौपदरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घाला. दोन बाजूंनी दोघांनी कडा गुंडाळून, चादर हातात घट्ट धरून एकदम सरकवा. खाट साधारण कमरेइतकी उंच हवी.

"काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्या नातेवाइकांना नेमकं काम द्या: "मंगळवारी 4 ते 6 बाबांजवळ बसा." औषधांच्या वेळा वहीत लिहून ठेवा, म्हणजे बाहेर असताना तुम्हाला फोन येणार नाहीत.

रुग्ण झोपला तरी तुमचा डोळा लागत नाही, गोळ्या द्यायच्या राहतात, हात उगारावासा वाटतो? हा वाईटपणा नव्हे, त्राण संपल्याची खूण आहे. खाटेचा कठडा लावा, 10 मिनिटं बाहेर जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.